ठेकेदाराचा बंगला

यमुनाताई तुळसणकरांना आयुष्यात एकदाच घर बांधायचं होतं. त्यासाठी त्या परवानाधारक ठेकेदार बापूसाहेब खानविलकरांच्या बंगल्यावर गेल्या. त्यांनी आधीच्या कामांबद्दल विचारताच भिंतीवरच्या चौकटीतला परवाना दाखवत बापूसाहेब गुरगुरले, "बाई, हा असताना चौकशा कसल्या करता? करारावर सही करा!"

यमुनाताईंनी भिंतीवरून हात फिरवला. "कुठे ओल नाही, तडा नाही. बंगला तुम्हीच बांधलात ना?"

बापूसाहेब अडखळले. "छे, आमच्या हिनं हट्टानं देवरुखच्या साळव्यांकडून बांधून घेतला. तिला काय कळतंय!"

"मग वहिनींकडूनच साळव्यांचा पत्ता घेते," यमुनाताई उठत म्हणाल्या. "तुमची कामं त्यांनी माझ्यापेक्षा जवळून पाहिली आहेत."

स्वयंपाकघरातून लगेच हाक आली, "या ना आत, चहा टाकलाय!"