परत केलेला धनादेश

एकदा एक विद्यार्थिनी आपल्या वृद्ध आचार्यांना सोबत घेऊन एका धनिक व्यापाऱ्याच्या पेढीवर गेली. ती खाडीकाठच्या गावात वाढलेली. तिच्या आळीत एका विहिरीचे पाणी गोड होते आणि हाकेच्या अंतरावरच्या दुसरीचे मचूळ, तोंडात धरवणार नाही असे. हे असे का, हा प्रश्न तिने लहानपणी आईला विचारला, मोठेपणी पुस्तकांना विचारला, आणि सगळीकडून अर्धेच उत्तर मिळाले तेव्हा त्यावरच पीएच.डी. करायचे ठरवले. विद्यापीठाने प्रवेश दिला. पण महिनाअखेरीस शुल्क भरले नाही, तर तो रद्द होणार होता. सरकारी शिष्यवृत्तीची मुदत टळली होती, इतर संस्थांकडून साधी पोचही आली नव्हती. उरला होता तो या व्यापाऱ्याचा न्यास.

अर्ज तिने मन लावून लिहिला होता. आपल्याकडे अशा अर्जांची एक ठरलेली चाल असते. वडिलांचे आजारपण, गळके छप्पर, शिकणारी धाकटी भावंडे, आपल्या कृपेची अभिलाषी वगैरे वगैरे. आणि संशोधनाचा विषय अगदी तळाशी, एका ओळीत, चुकून राहून गेल्यासारखा. तिचा अर्जही तसाच होता. त्यात खोटे काहीच नव्हते.

व्यापारी मनाचा हळवा. वाचता वाचता त्याचे डोळे पाणावले. "अरेरे, काय सोसलंय या पोरीनं!" असे म्हणत त्याने तिथल्या तिथे वर्षाच्या शुल्काचा धनादेश लिहून तिच्या हाती ठेवला. तिने वाकून नमस्कार केला.

तेवढ्यात आचार्य म्हणाले, "शेठजी, एक विचारू का? ही कशाचा अभ्यास करणार आहे?"

व्यापारी गोंधळला. "म्हणजे... पाण्याचं काहीतरी आहे ना?"

आचार्यांनी शिष्येच्या हातातून धनादेश हळूच काढून घेतला आणि व्यापाऱ्यासमोर ठेवला. "आपलं मन मोठं आहे, हे मी जाणतो. पण हा आज आम्हाला नको. उद्या सकाळी हिला थोडा वेळ द्या. हिचा विषय ऐका आणि मग काय ते ठरवा."

"तुमची मर्जी," व्यापारी जरा नाराजीनेच म्हणाला.

बाहेर येताच शिष्येचा संयम सुटला. "सर, हातात आलेलं तुम्ही परत दिलंत! तुमचं पोट भरलेलं आहे, म्हणून तुम्हाला ही ताठ मान परवडते. माझा प्रवेश गेला तर?"

आचार्य या बोलण्यावर रागावले नाहीत. "खरं आहे तुझं," ते म्हणाले. "म्हणूनच ही जोखीम तुझ्या एकटीवर टाकलेली नाही. कुठूनच काही झालं नाही, तर शुल्क मी भरीन, आणि ती माझ्या हट्टाची किंमत समजेन. पण आधी माझं ऐक. दया वाईट नसते गं. पण तुझा अर्ज वाचून शेठजींना तुझं छप्पर दिसलं, तुझी विहीर दिसलीच नाही. पुढच्या वर्षी त्यांच्यापुढे तुझ्याहून दुःखी कोणी उभं राहील आणि ते त्याला देतील. तेच योग्य होईल. मग तू काय करशील, आणखी मोठं दुःख लिहिशील? ज्या प्रश्नासाठी तू ऐन उमेदीची वर्षं घालणार आहेस, तो साऱ्या किनाऱ्याच्या तहानेचा प्रश्न आहे. तो घेऊन जाताना मान खाली कशाला?"

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पेढीवर गेली. सुरुवातीला अडखळली. मग विहिरींचे बोलू लागली आणि बोलतच राहिली. गोडे पाणी हलके असते, ते खाऱ्या पाण्यावर तरंगते, हे पुस्तकांत आहे. मग शेजारचीच विहीर मचूळ का?

"याचा मला काय फायदा?" व्यापाऱ्याने विचारले.

"तुम्हाला कदाचित काहीच नाही," ती म्हणाली.

व्यापारी हसला आणि पुढे सरकून बसला. "थांब हं. भरतीला आमच्या वखारीतली विहीर चढते. तुमची ती गोडी विहीरही चढते का?"

"चढते, शेठजी. आणि तरी खारट होत नाही. आमच्याकडे ते आजवर कोणी मोजून पाहिलेलं नाही. मला ते मोजायचंय."

"एका वर्षाचं शुल्क देणं माझ्या हातात होतं, पण हे सबंध अभ्यासाचं काम आहे, ते मी एकट्यानं ठरवण्यासारखं नाही," व्यापारी म्हणाला. "परवा विश्वस्तांची बैठक आहे. तिथे तू स्वतः येऊन सांग."

बैठकीत एका वयोवृद्ध विश्वस्तांनी तिचा अर्ज चाळला आणि मायेने विचारले, "बाळ, घरची परिस्थिती कशी आहे?"

महिना संपत आला होता. डोळ्यांत पाणी आणून चार वाक्ये बोलली असती, तर शुल्काची सोय तिथेच झाली असती. तिने मागे बसलेल्या आचार्यांकडे पाहिलेदेखील नाही.

"घरी अडचण आहे, साहेब, ती अर्जात लिहिली आहे," ती म्हणाली. "मी विहिरींबद्दल सांगायला आले आहे. आधी ते सांगते."

आणि तिने सांगितले. आचार्यांनी उभ्या आयुष्यात पुष्कळ विद्यार्थी घडवले होते, पण त्या दिवशी वाटला तसा अभिमान त्यांना क्वचितच वाटला होता. विश्वस्तांनी प्रश्न विचारले, आपसात वाद घातला, आणि अखेर अभ्यास पूर्ण होईपर्यंतचा सगळा खर्च मंजूर केला. घरची परिस्थिती विचारणारे ते वयोवृद्ध विश्वस्त उठता उठता तिच्याजवळ आले.

"आमच्या परसातही एक मचूळ विहीर आहे," ते म्हणाले. "कधी येतेस बघायला?"

"ओहोटीच्या वेळी येते," ती म्हणाली. "आणि मोजायला पुन्हा भरतीला."