ठकूबाईची धसकटं

फार मागे, पाऊस क्वचितच फिरकायचा अशा माळावर ठकूबाईचं वावर होतं. बाजरी काढली की ती धसकटं वेचून जाळायची. वावर कसं सारवलेल्या अंगणासारखं दिसलं पाहिजे!

एका वर्षी ती काडी ओढणार, तोच ढेकळाखालून गांडूळ म्हणालं, "मावशी, तू आमचं जेवण जाळतेस. आता आम्ही तिघंच उरलोय."

"मेल्या, आधी बोलायचं नाही?"

"तोंडात माती होती."

ठकूबाईला हसू आलं. तिने धसकटं वावरातच पसरली.

पुढच्या उन्हाळ्यात तिने माती उकरली. चार बोटांवर ओल होती आणि गांडुळं मोजता येईनात. ठकूबाई उठून बांधावर गेली. धान्याच्या खळ्यात शिरताना काढतात, तशा वहाणा तिने तिथे काढून ठेवल्या आणि अनवाणी वावरात परतली.