ताठ पेटी आणि घडीचा क्रेट

आंब्याच्या पेट्यांना वाचा होती, तेव्हाची गोष्ट. कोकणातल्या एका बागेत लाकडाची एक पेटी होती. तिला आपल्या ताठपणाचा भारी अभिमान. एका वर्षी तिच्या शेजारी प्लास्टिकचा क्रेट आला. त्याच्या चारही बाजू आत दुमडल्या, की तो पाटासारखा सपाट व्हायचा.

"शी! कुणी दाबलं की आडवा!" पेटी म्हणाली. "मला बघ. जन्मात कुणापुढे वाकले नाही."

"रिकामा असलो की दुमडतो, पेटीताई," क्रेट म्हणाला. "आंबे भरल्यावर दुमडलो तर बोल."

पेटीने नाक मुरडलं.

दोघं एकाच टेम्पोतून शहराच्या बाजारात गेली. आंबे उतरले. परतीच्या वाटेवर ड्रायव्हर दाऊदभाईंना गावच्या दुकानाचा किराणा न्यायचा होता. त्यांनी तो आणि त्याच्यासारखे बाकीचे क्रेट पटापट दुमडले आणि विसांची चवड एका कोपऱ्यात लावली. मग त्यांची नजर पेटीकडे गेली.

"रिकामी असून भरल्याएवढी जागा खातेस, बाय. तुला ठेवू कुठे?" असं म्हणत त्यांनी तिला गाळ्याबाहेर ठेवलं आणि टेम्पो हाकला.

"वाकले तर नाही ना!" पेटी स्वतःशीच म्हणाली.

आठवड्याने टेम्पो पुन्हा आला. क्रेट आंब्यांनी गच्च भरला होता, डोक्यावर आणखी पाच क्रेट होते, तरी तो तसूभर वाकला नव्हता. पेटीला त्याच्याशी काहीतरी बोलायचं होतं. पण तेवढ्यात तिच्यावर बसलेल्या हमालाने पाय वर घेऊन ऐसपैस मांडी घातली आणि दुसरा चहा मागवला.