डॉक्टरांचा केसपेपर

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात व्यसनी रुग्णांशी कसं वागावं याचं प्रशिक्षण चाललं होतं. तेवढ्यात दारू सोडायची म्हणून सोमा सुतार आला. मोठे डॉक्टर खर्शीकर त्याच्या केसपेपरवर सगळ्यांदेखत ‘बेवडा’ असं लिहून मोकळे झाले. सोमा मान खाली घालून निघालाच.

शिकवायला आलेल्या प्रमिला सिस्टरांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी सोमाला थांबवलं आणि कोरा केसपेपर ओढला.

“सर, तुम्हाला काय त्रास आहे?”

“मधुमेह. का?”

सिस्टरांनी ‘खादाड’ असं लिहून कागद त्यांच्यापुढे धरला.

“सिस्टर!” डॉक्टर कडाडले. “हा आजार आहे! शिव्या देऊन बरा होतो का?”

“नाही होत, सर. सकाळपासून मी एवढंच शिकवतेय.”

डॉक्टरांनी सोमाला खुर्ची दिली.