केरबानं खोगीर बसवलं

एका गावात केरबा नावाचा मोतद्दार होता. घोडी राखणं हे त्याचं काम, आणि सांगितलेलं ऐकणं हा त्याचा गुण. भोळा म्हणाल तर इतका, की 'जरा थांब' म्हणून कुणी पुढं गेलं तर केरबा संध्याकाळी तिथंच सापडायचा. लोक त्याला नावं ठेवायचे. मी ठेवणार नाही. या गोष्टीत त्यानं सांगितल्याशिवाय एकही काम केलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

केरबा होता थोरल्या पातीच्या जोत्याजी पाटलांकडं. गावात धाकटी पातीही होती, तिचे हैबती पाटील. दोघे सख्खे चुलतभाऊ, त्यामुळं अर्थातच एकमेकांशी बोलत नव्हते. दसऱ्याला शिलंगणाच्या वेळी जो पाटील घोड्यावरून आधी शिवेवर पोचेल आणि तिथल्या आपट्याला पहिला हात लावेल, त्याला वर्षभराचा मान मिळायचा. होळी त्यानं पेटवायची, पोळ्याला पहिली बैलजोडी त्याची. पायी गेलेल्याला मान नाही. हे कुणी ठरवलं ते विचारू नका, गावात कुणालाच माहीत नव्हतं.

सहा वर्षं मान थोरल्या पातीत होता. सातव्या वर्षी जोत्याजी पाटलांनी हौसेनं नवं खोगीर करवून घेतलं. जीनगराच्या दुकानात स्वतः त्यावर बसून पाहिलं. पाटलांना ते झकास बसलं. घोडीला कुणी विचारलं नव्हतं.

घोडीचं नाव पाखरी. चार दिवसांत तिची पाठ लागली. खोगीर घासून मणक्याजवळ रुपयाएवढं सोललं. खोगीर दिसलं की ती कान पाडायची, दात दाखवायची. दसरा आठ दिवसांवर आला होता. समाधान एवढंच, की तिकडं हैबती पाटलांचा घोडाही त्यांचं जुनं खोगीर चढवलं की उधळायचा.

पाटलांनी लिंबाजी जीनगराला बोलावलं. लिंबाजीनं पाखरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि केरबाला समजावलं.

"हे बघ, खोगीर चढवलं की मानेमागचा हा उंचवटा असतो ना, तिथं वरच्या बाजूनं दोन बोटं आत गेली पाहिजेत. स्वार बसल्यावरसुद्धा. दोन बोटं राहिली, तर खोगीर दाबत नाही."

"दोन बोटं राहायला पाहिजेत. समजलं, काका."

दुसऱ्या दिवशी पाटील पाखरीवर बसून मळ्याकडं निघाले. शेजारून केरबा पळत होता. त्याचा हात खोगिराखाली होता.

"काय रे, काय चाललंय?"

"दोन बोटं राहिलीत, धनी."

मळा दीड कोस. जाताना दीड, येताना दीड. परत आला तेव्हा बोटं वांग्यासारखी झाली होती. लिंबाजीनं कपाळावर हात मारला.

"अरे बाबा, घालून बघायचं आणि काढायचं. घातलेलं तिथंच ठेवतात का?"

"घालून बघायचं आणि काढायचं. समजलं, काका."

लिंबाजीनं खोगीर उलटं करून पाहिलं. डाव्या अंगाची गादी दबून चपटी झाली होती, म्हणून सगळं ओझं एका बाजूला जात होतं. त्यानं केरबाला लोकर दिली. "ही डाव्या गादीत भर. दोन्ही अंगं सारखी झाली की झालं."

संध्याकाळी पाखरीनं पाटलांना बांधावर उतरवलं. पाटलांच्या मनात उतरायचं नव्हतं. लिंबाजीनं गादी चाचपली. लोकर नव्हती.

"भरली होती की," केरबा म्हणाला. "घालून बघितली, दोन्ही अंगं एकदम सारखी. मग काढली."

लिंबाजीनं खोगीर आपल्याकडं ओढलं. मग त्यानं स्वतः लोकर भरली, गादीची शिवण घातली आणि सुई-दोरा केरबाच्या हातात दिला. "एकदा नीट बसलेलं काढायचं नाही. टाका मारायचा. उसवलंच तर हा दोरा घे. समजलं?"

"बसलं की टाका मारायचा, काढायचं नाही. समजलं, काका."

दोन दिवस कुणी तक्रार केली नाही. तिसऱ्या दिवशी पाटील गोठ्यात गेले. पाखरी खोगिरासकट गव्हाणीत तोंड घालून उभी होती. पोटाखालून आवळायच्या तंगाच्या पट्ट्याला सात टाके होते. दोन दिवस ती खोगिरासकट जेवली, खोगिरासकट लोळली. सोललेलं रुपयाएवढं होतं, ते आता पुरीएवढं झालं होतं.

पाटील ओरडले नाहीत. त्यांना खरंच भीती वाटायला लागली होती. सहा वर्षं राखलेला मान, आणि आपल्या हातून तो हैबतीच्या दारात जाणार. रात्रीची भाकरीही त्यांना गोड लागेना.

लिंबाजीनं हळद-तेल लावायला सांगितलं, खोगिराची गादी पुन्हा बदलली आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी आला. "केरबा, आता शेवटची परीक्षा. खोगीर घाल, शिवेपर्यंत दौडवून आण. आलास की खोगीर उतरव. उतरव, ऐकलंस ना? आणि पाठीवरचा घाम बघ. सगळीकडं सारखी ओली पाठ म्हणजे खोगीर बसलं. कुठं कोरडा डाग राहिला, तर तिथं बसलं नाही. आम्ही इथं थांबतो."

केरबा गेला आणि आला. गोठ्यात खोगीर उतरवलं. मणक्याच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढे कोरडे डाग होते. केरबा विचारात पडला. विचार त्यानं फार वेळ केला नाही. शेजारी बादली होती.

"काका, सगळीकडं सारखी ओली," त्यानं येऊन सांगितलं.

पाटलांच्या डोळ्यांत पाणी आलं. लिंबाजीनं जाऊन हात लावला. घोडीची पाठ गार होती आणि खाली चिखल झाला होता.

लिंबाजीनं चिखलातली बादली उचलून बाजूला ठेवली. मग पाटलांना म्हणाला, "या पाठीला हे खोगीर बसायचं नाही. आणि आता हिची पाठ मोकळी ठेवा. जखमेवर पुन्हा काही घातलं, तर घोडी हातची जाईल."

दसऱ्याच्या दिवशी दुपारी ढोल वाजायला लागले. पाटील फेटा बांधून, तलवार लावून अंगणात येरझाऱ्या घालत होते. घोडी होती, तिला पाठ नव्हती. खोगीर होतं, त्याला घोडी नव्हती. पाटलांनी केरबाला हाक मारली.

"गावात घोडी काय कमी आहेत? जिच्या पाठीला हे खोगीर बसंल तिच्यावर घाल. पण आज खोगीर बसलं पाहिजे. नाही बसलं तर तोंड दाखवू नकोस."

पाखरीची जखम बघायला आलेल्या लिंबाजीनं जाता जाता भर घातली. "आणि रिकाम्या खोगिरावर भरवसा ठेवू नकोस. वर माणूस बसव. बोटं घालून बघ, आणि काढ. चार पावलं चालव, मग तंग पुन्हा आवळ, कारण घोडं आधी पोट फुगवतं. मागं उभं राहून बघ, खोगिराखालून मणक्यावर आरपार उजेड दिसला पाहिजे. मग दौडवून आण आणि घाम बघ. पाण्याला हात लावलास तर याद राख."

"समजलं, काका."

केरबा खोगीर डोक्यावर घेऊन निघाला. पहिल्यांदा कुंभाराचं गाढव लागलं. दोन बोटं घालायला गेला तर अख्खा हात गेला. मग कुलकर्ण्यांचं तट्टू. तिथं एक बोटही जाईना. पुढच्या दारात हैबती पाटील आपल्या घोड्याला शिव्या देत उभे होते. त्यांचं जुनं खोगीर उकिरड्यावर पडलं होतं आणि घोडा लाथा झाडत होता.

केरबानं नवं खोगीर त्याच्यावर ठेवलं. घोडा शांत झाला. दोन बोटं गेली. केरबानं ती काढली.

"हे जोत्याजीनं धाडलं?" हैबती पाटलांनी विचारलं.

"व्हय. धनी म्हणाले, आज बसलंच पाहिजे. तुम्ही वर बसा बरं. माणूस बसल्याबिगर कळत नाही."

हैबती पाटलांनी केरबाकडं पाहिलं, खोगिराकडं पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. ते चढले. दोन बोटं गेली, केरबानं काढली. चार पावलं चालवलं, तंग आवळला. पाठीमागं उभं राहून पाहिलं, तर खोगिराखालून मणक्यावर आरपार उजेड दिसत होता. जन्मात पहिल्यांदा केरबाचं एकही काम चुकलं नव्हतं.

"आता जरा दौडवून आणा," केरबा म्हणाला.

"कुठपर्यंत?"

"शिवेपर्यंत. काकांनी तेवढंच सांगितलंय."

इकडं जोत्याजी पाटील दारात उभे राहून वाट बघत होते. ढोल दारावरून पुढं गेले, माणसं पुढं गेली. केरबाचा पत्ता नाही. केरबा धाकट्या पातीच्या दारात घोडा परत यायची वाट बघत होता, घाम बघायला.

घोडा आला. वर हैबती पाटील, फेट्यात आपट्याची डहाळी, मागं अख्खा गाव गुलाल उधळत. केरबा गर्दीतून पुढं घुसला. हैबती पाटलांना खाली उतरायला लावलं, खोगीर काढलं आणि घोड्याच्या पाठीवर हात फिरवला. पाठ गरम होती. सगळीकडं सारखी ओली, तिळाएवढाही कोरडा डाग नाही. त्यानं लगेच खोगीर पुन्हा चढवलं आणि खिशातून सुई-दोरा काढला.

मग तो धावत थोरल्या पातीच्या दारात आला. धाप लागली होती, पण चेहरा नवरदेवासारखा फुलला होता.

"धनी, बसलं."

जोत्याजी पाटलांनी तलवार सावरली. "कुठाय घोडी? आण लवकर, अजून वेळ गेली नसंल."

"हैबती पाटलांच्या घोड्याला बसलं. शिवेपर्यंत जाऊन आलं, कोरडा डाग म्हणून नाही. त्यांनी तुम्हाला हे सोनं दिलंय." केरबानं आपट्याची पानं पाटलांच्या हातात ठेवली.

पाटील उंबऱ्यावर बसले. त्यांनी तलवार सोडून बाजूला ठेवली. "जा. निदान माझं खोगीर तरी काढून आण."

"आता कसं निघंल, धनी? काका म्हणाले होते, बसलं की काढायचं नाही. सात नाही, चांगले चौदा टाके मारून आलोय."