काट्याने काढलेली नाव

एकदा एका नदीकाठी मातीच्या लाद्या घडवणारा एक वृद्ध कारागीर राहत असे. त्या नदीवर धुकं इतकं दाट उतरे, की बायका त्याच्यावरच लुगडी वाळत घालत. ऊन चढून धुकं विरलं, की लुगडी आपोआप अंगणात उतरत. गावातली शहाणी माणसंही हे सांगताना हसत नाहीत, तेव्हा आपणही हसू नये.

वृद्धाजवळ एक शिष्य होता. हात कुशल, पण जिज्ञासा अनावर. कुणी शिंकलं, तरी ती शिंक कुठून निघाली इथवर चौकशी करी. लादीवर नक्षी काढतानाही तेच. रीत तशी साधी. तांबड्या मातीच्या लादीवर पांढऱ्या मातीचा पातळ लेप द्यायचा, तो जरा सुकला की बाभळीच्या काट्याने ओरखडायचा. रेघेतून खालचा तांबडा रंग वर येतो. पुढे लादी भाजून, काचेची झिलई चढवून पुन्हा भाजली, की पाण्यासारखी चमकते. शिष्याचा काटा मात्र रंग आला तरी थांबत नसे.

एका सकाळी धुक्यातून एक व्यापारी आला. म्हणाला, "माझा धाकटा भाऊ याच घाटावरून नावेत बसून गेला, तो परतला नाही. त्याचा चेहरा आता मला आठवेनासा झालाय. नाव तेवढी आठवते. तीही जायच्या आत लादीवर उतरवून द्या."

शिष्य सरसावून बसला. "कशी होती नाव, शेठजी?"

"लांबट. शीड फाटकं."

"फाटक्या शिडाने गेले? एवढी कसली घाई? भांडण झालं होतं का तुमचं?"

व्यापाऱ्याने खांद्यावरचं उपरणं सावरलं. "नावही नीटशी आठवत नाही आता," असं म्हणून तो पायरी उतरू लागला.

"शेठजी, बसा," वृद्ध म्हणाला. त्याने नुकताच लेप दिलेली लादी व्यापाऱ्यासमोर ठेवली आणि काटा त्याच्या हाती दिला. "तुम्हीच काढा. आम्हाला नावा जमत नाहीत."

शिष्य चकित झाला. घाटावरच्या निम्म्या दारांवरच्या लाद्यांवर वृद्धाने काढलेल्या नावा होत्या; पूर आला की त्यांतल्या दोन-तीन उतरवून लोक बाजाराला जात, असं म्हणतात.

व्यापाऱ्याचा हात कापत होता. केसासारखी एक रेघ उमटली.

"जरा दाबा, शेठजी. फिकी..."

"तू इकडे ये," वृद्धाने शिष्याला कोपऱ्यात नेलं. एक पातळ, ओलसर लादी त्याच्या डाव्या तळव्यावर ठेवली. "ओढ रेघ. आता तीच पुन्हा. ओढत राहा."

पांढरं सरलं, तांबडं आलं. मग तांबडंच, तांबडंच. अखेर काट्याचं टोक आरपार जाऊन तळव्यात रुतलं.

"काय सापडलं?"

"तांबडी माती."

"आणि?"

"माझाच हात," शिष्य ओशाळून म्हणाला.

वृद्ध हळू आवाजात बोलला. "रंग पहिल्याच रेघेला आला होता, लेका. पुढे गेलास ते नक्षीसाठी नाही, तुला थांबवेना म्हणून. माणसाच्या दुःखावरचा लेप जरा सरला, रंग दिसला, की आपण थांबावं. पुढची रेघ ज्याची त्याने ओढायची. त्याचा हात कापतो, म्हणूनच तो हलका पडतो. आपला कापत नाही, आणि लादी फुटते."

दोघे परत आले. धुकं ओसरीवर येऊन टेकलं होतं. लादीवर नाव पुरी झाली होती. तिच्यात बिनचेहऱ्याचा एक माणूस होता. आता व्यापाऱ्याचा काटा चित्रातल्या नदीकाठाकडे वळला, आणि तिथे दुसरा एक माणूस उमटला, नावेकडे पाठ फिरवून उभा.

शिष्याने ते पाहिलं. प्रश्न ओठापर्यंत आला. त्याने हात पुढे केला आणि लादी हलू नये म्हणून तिची कड धरून ठेवली.

मग व्यापाऱ्याने काटा उचलून पुन्हा नावेवर नेला, आणि आतल्या माणसाला आधी नाक आलं, मग हनुवटी, मग मागे वळून बघणारे डोळे.