बाराव्या काळातलं खरं वाक्य

"सर, हा फ्यूचर परफेक्ट कंटिन्युअस आयुष्यात कुणी वापरतं का हो?" प्रल्हादने विचारलं.

मोडक सर मोड आलेले वाल सोलत बसले होते. वाईच्या शाळेतून निवृत्त होऊन त्यांना सव्वीस वर्षं झाली होती. दर रविवारी इंग्रजी शिकायला येणारा प्रल्हाद हा त्यांचा उरलेला एकच विद्यार्थी.

पण आज स्वारी शिकायला आली नव्हती. त्याने परवाच स्वतःचा इंग्रजीचा क्लास काढला होता. बारा काळ तोंडपाठ, भिंतीवर रंगीत तक्ता! आता रविवारी जमणार नाही, हे सांगायला तो पेढे घेऊन आला होता. धीर होईना, म्हणून व्याकरण काढून बसला होता.

"तूच सांग एखादं वाक्य," सर म्हणाले.

प्रल्हादने धाडकन इंग्रजीत ठोकलं. येत्या जूनमध्ये रामला कारखान्यात काम करत दहा वर्षं झालेली असतील.

"हा राम कोण?"

"पुस्तकातला."

"त्याचं राहू दे. तुझं सांग. खरं."

प्रल्हाद स्वतःचं वाक्य जुळवू लागला.

तीन नोकऱ्या त्याने सोडल्या होत्या. जिम आणि गिटार महिन्याभरात बारगळली होती. मागून चालत आलेलं आणि पुढेही चालूच राहणार असं त्याच्याकडे होतं तरी काय?

सरांनी ताट मध्ये सरकवलं. तोही सोलू लागला. सरांची बोटं आता सावकाश चालत होती. त्यांचा एक दाणा सोलून होईपर्यंत त्याचे चार होत होते. त्याने पिशवी पायामागे सरकवली. पेढ्यांचा पुडा पिशवीतच राहिला.

"सर..."

"हं."

"येत्या गुढीपाडव्याला," तो अडखळत इंग्रजीत म्हणाला, "मला तुमच्याकडे येत नऊ वर्षं झालेली असतील."

सरांचा हात ताटातच थांबला. दिवाळीतल्या दुखण्यापासून कुणी पुढच्या महिन्याची गोष्ट काढली, तरी ते विषय बदलत.

त्यांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्याने सावकाश पुसला.

"पाडव्याला?... वाक्य बरोबर आहे. म्हणजे तोवर मलाही टिकायला हवं."